ऐकत असतील

झड लागून आज पाचवा दिवस. टिनावरचा पाऊस पहिल्या दिवशी ऐकू येतो, दुसऱ्या दिवशी डोक्यात जातो, आणि पाचव्या दिवशी तो पडतो आहे हेच माणूस विसरतो. कपडे वाळत नाहीत. आगपेटीची काडी घासली की गुल निघून येतो. भिंतीला हात लावला तर पावसात उभ्या असलेल्या म्हशीच्या पाठीसारखी लागते. आमच्या हिंगणीकडे ह्या पावसाला झड म्हणतात. तो कोसळत नाही, गर्जत नाही, नुसता ठाण मांडून बसतो. मला तो कळतो. मी पण तसाच आहे.

उद्या सकाळी सातला हजेरी घ्यायची पाळी माझी आहे. जन्मात पहिल्यांदा. त्यामुळे आज हातात काम धरवत नाही. एक जळालेली मोटार टेबलावर उघडी पडली आहे आणि मी हे लिहीत बसलो आहे.

हजेरी कसली ते सांगतो. वर्ध्याला आमचं रेडिओ मंडळ आहे. गाणी ऐकायचा रेडिओ नाही, बोलायचा. सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतलेली माणसं आपापल्या घरून, आपापल्या सेटवरून एकमेकांशी बोलतात. मधे फोन नाही, टॉवर नाही. घरावरचं एरियल आणि हवा, एवढंच. कोणी शिक्षक, कोणी बँकेतला, जाम गावच्या चौकात हॉटेल चालवणारा किसनभाऊ. पूर आला, फोन मेले, की हीच माणसं सेट उचलून निघतात आणि निरोप पोचवतात. पगार नाही. बाकीच्या दिवसांत सेट गंजू नये आणि माणूसही गंजू नये म्हणून रोज सकाळी सातला हजेरी. एक जण नावं पुकारतो, बाकीचे उत्तर देतात. किसनभाऊ हजेरी देतो ती अशी, “जामवरून किसन. हायवे चालू, पाऊस बारीक, आलूबोंडे गरम. ओव्हर.”

ओव्हर म्हणजे माझं बोलणं संपलं, आता तुम्ही बोला. ओव्हर म्हणेपर्यंत माणसाचं बोलणं संपलेलं नसतं. आमच्या घरात हा शब्द माझ्या बायकोनं, अनुसयेनं, उचलला. ती माझ्यावर चिडली की पूर्ण चिडून घेते, शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणते, “ओव्हर! बोला आता.” ती हा शब्द माझ्यापेक्षा नीट वापरते.

मी चौथी पास. पाचवीत काही दिवस गेलो, मग वडिलांनी वर्ध्याला एका वाइंडिंगच्या दुकानात बसवलं. पंपाची मोटार जळली की आतली तार उकलायची, वेढे मोजायचे, नवी तांब्याची तार तेवढेच वेढे घालून भरायची. पन्नासेक वर्षं हेच केलं, पुढे हिंगणीत स्वतःच्या दुकानात. तार माझ्याशी खोटं बोलत नाही. म्हणूनच मेश्राम सरांची माझी ओळख झाली. ते वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, शहरातल्या कोणी हात लावला नाही, तो पिशवीत घालून एसटीनं हिंगणीला आले. दोन दिवसांनी घ्यायला आले तेव्हा चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ तार पाहत राहिले.

“मिस्त्री, हे तुम्ही गुंडाळलं?”

“मंग काय, माह्या सासऱ्यानं?”

सर हसले. ते कमी हसत. त्या दिवसापासून मंडळाची एरियलं मी उभारू लागलो. कोणता बांबू वाऱ्यात वाकतो आणि कोणता मोडतो हे पुस्तकात नसतं. जोडाला टेप खालून वर गुंडाळायची, कौलं जशी एकावर एक चढतात तशी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. तार घरात घेण्याआधी खाली एक झोल सोडायचा, म्हणजे थेंब तिथंच टपकतो. वीज चमकायला लागली की सेटमधून एरियलची पिन काढून काचेच्या बरणीत टाकायची. त्यासाठी मी अनुसयेची लोणच्याची बरणी घेतली. त्यावर ती जे बोलली त्याला ओव्हर नव्हताच.

सरांनी मला पहिल्याच दिवशी हातातला माइक दाखवून एक गोष्ट सांगितली होती. “हे बटण दाबलं की तुम्ही बोलता आणि जग बंद. सोडलं की जग बोलतं आणि तुम्ही बंद. दोन्ही एकदम होत नाही. नवा माणूस बोलून झालं तरी बटण सोडत नाही, आणि मग म्हणतो, कोणी उत्तरच देत नाही.” मी मान हलवली. यात समजायचं काय आहे, असं वाटलं.

सरांनी मला एक सेट दिला, माइकसकट, पण ऐकण्यापुरता. माझ्याकडे परवाना नव्हता, म्हणजे बोलायचा हक्क नव्हता. सर मागेच लागायचे.

“मिस्त्री, परीक्षा द्या आता.”

“कायची परीक्षा? माह्या हातच्या एरियलवर अर्धा जिल्हा बोलून राह्यला. एरियल माही रोज परीक्षा घेते.”

“एरियल घेतं. सरकार नाही घेत.”

“मंग सरकारले म्हणा, ये हिंगणीले आन् चढ बांबूवर.”

असं बोललो की ऐकणारे हसत आणि विषय संपे. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. पेपर मराठीत नसतो, आणि इंग्रजीची अक्षरं मला येत नव्हती. येत होती ती कानानं. रेडिओवर एकेक अक्षर चुकू नये म्हणून त्याला नाव देतात, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. ती सगळी मला पाठ होती. पण कागदावर चार्ली दिसतो कसा, ते माहीत नव्हतं. ज्या माणसाला लोक वर्ध्याहून मिस्त्री-मिस्त्री करत बोलवायला येतात, त्यानं उतारवयात कोणासमोर पाटी धरायची?

हजेरीच्या शेवटी सर एक प्रश्न विचारायचे. त्यांचाच रिवाज होता. “ऐकणारे कोणी?” आणि मग मनात पाच आकडे मोजत थांबायचे. ज्यांना परवाना नाही, नुसते ऐकतात, त्यांच्यासाठी. आता ऐकणारा उत्तर कसा देणार? पण मी एक दिवस दिलं. माइकचं बटण न बोलता दोनदा दाबलं. टक, टक. तेवढंच हवेत गेलं. पलीकडे सर जरा थांबले आणि म्हणाले, “हजेरी संपली.” दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दाबलं. मग रोज. सगळ्या मंडळाला ठाऊक होतं की शेवटची टकटक हिंगणीची. कितीतरी वर्षं अशी गेली. माझी सकाळ त्या दोन टकांनी उघडायची.

मग एका आषाढात मंडळात एक नवा सभासद आला. कुठल्याशा कॉलेजात शिकवायचा. त्यानं हजेरीतच, सगळ्यांच्या कानांवर, विचारलं, “सर, हे शेवटी टकटक कोण करतं? परवान्याशिवाय चालत असेल तर आम्ही परीक्षा कशासाठी दिली?” त्याचं चूक नव्हतं. आज म्हणतो. त्या दिवशी मला त्याचं नरडं धरावंसं वाटलं. मी वाट पाहत होतो की सर आता त्याला गप्प करतील.

सर म्हणाले, “ज्यांनी बटण दाबलं त्यांना परवाना नाही. परवाना घ्या, मग हजेरी लावा.”

मी खटका खाली पाडला. सेट बंद.  स्वयंपाकघरातून अनुसयेनं विचारलं, “काऊन, आज लवकर आटपलं?” मी म्हटलं, “आटपलं.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पोह्यांची ताटली पुढे सरकवून निघून गेली.

त्याच वर्षी झड लागली. अशीच, पण हिच्यापेक्षा लांब. तिसऱ्या दिवशी नाल्यावरच्या रपट्याला, म्हणजे बुटक्या पुलाला, पाणी लागायला आलं तेव्हा शेवटच्या एसटीतून सर उतरले. सोबत टिनाची पेटी, तिच्यात सेट, डोक्यावर प्लास्टिक. माझ्या दुकानासमोर उभे राहिले. चष्म्यावरून पाणी गळत होतं.

“मिस्त्री, एरियल उभारायचं आहे.”

त्यांनी मागचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. काम होतं, काम केलं. शाळेच्या खोलीवर बांबू चढवला, ट्रॅक्टरची बॅटरी आणली, जोडाला खालून वर टेप गुंडाळली. संध्याकाळी वर्ध्याचा आवाज असा स्वच्छ आला की सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. रपटा बुडाला. दुसऱ्या दिवशी टॉवरचं डिझेल संपलं आणि गावातले सगळे मोबाईल मुके झाले. मग त्या खोलीसमोर माणसं येऊ लागली. कोणाचा मुलगा सेलूला अडकला होता, कोणाच्या बहिणीचं दवाखान्यात ऑपरेशन होतं. सर एकेकाचा निरोप वहीत लिहून घेत, वाचून दाखवत, मग बटण दाबत. दोन दिवस त्यांनी तोंडाला विश्रांती दिली नाही. ओल, थंडी, आणि मुळातच छाती नाजूक. तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा गेला.

त्या सकाळी आली गोदाबाई, म्हणजे तिचा जावई आला. गोदाबाईला साखरेचा आजार, रोजचं इन्सुलिनचं इंजेक्शन, आणि बाटली संपलेली. आणखी सहा-सात जणांची औषधं होती. सरांनी यादी केली. बटण दाबलं. जो आवाज निघाला तो आवाज नव्हता, पत्र्यावर खिळा ओढावा तसं काही होतं. वर्धा म्हणालं, “सर, समजत नाही, परत सांगा.” सरांनी माइक माझ्यासमोर धरला.

“मिस्त्री, तुम्ही बोला. अशा वेळी चालतं. मी तशी नोंद करतो.”

माइक माझ्या हातापासून वीतभर होता. अक्षरांची नावं मला झोपेत विचारली असती तरी आली असती.

मी म्हटलं, “मले परवाना नाई, सर.”

“माणसाच्या जिवाचा प्रश्न—”

“परवाना घ्या, मंग हजेरी लावा. तुमीच म्हटलं न?”

सरांनी माइक मागे घेतला. मग त्या फाटक्या घशातून हळूच म्हणाले, “तेवढंच ऐकलं का तुम्ही?”

मला वाटलं, टोमणा आहे. मी बाहेर जाऊन ओसरीत उभा राहिलो. आत सरांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि परत बसले. इंडिया. नोव्हेंबर. सिएरा. एकेक अक्षर. परत सांगा, सर. इंडिया. नोव्हेंबर. मी खांबाला टेकून प्रत्येक अक्षर ऐकलं. ती यादी पूर्ण जायला दिवस गेला. औषध नावेतून आलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर गोदाबाई डोळे उघडत नव्हती.

ती वाचली. अजून आहे. वाटेत दिसली की मला हात जोडते. एरियल मी उभारलं म्हणून तिला वाटतं की औषध मीच आणलं. तिच्यासमोरून जायचं नको म्हणून मी बाजाराला लांबच्या गल्लीनं जातो.

रपटा उघडा पडला तसे सर गेले. “येतो, मिस्त्री.” मी तार गुंडाळत होतो. येजा, एवढंही म्हटलं नाही. नंतर मी एक काम केलं जे ह्या धंद्यातला माणूस करत नाही. आभाळ निरभ्र असताना एरियलची पिन काढली, बरणीत टाकली आणि बरणी फळीवर ठेवून दिली. सकाळचे सात वाजत, मी मोटार उकलत बसे. अनुसया म्हणायची, “आज बी नाई ऐकत?” मी म्हणायचो, “मले कामं आहेत.” कपाशी फुटली, वेचून झाली, थंडी आली.

थंडीत एका सकाळी जामवरून किसनभाऊचा फोन आला. “मिस्त्री, सेट लावा. सर गेले.”

आमच्यात माणूस गेला की एक शेवटची हजेरी घेतात. त्याची परवान्याची अक्षरं, म्हणजे हवेतलं त्याचं नाव, तीनदा पुकारायची. दर वेळी थांबायचं, उत्तर येण्याइतकं. मग म्हणायचं, किल्ली शांत झाली. पूर्वी किल्ली ठोकून कट्ट-कड्ड असे संदेश पाठवत, त्यावरून हा शब्द. पुकारा सरांची मुलगी संघमित्रा करत होती. तिलाही परवाना आहे. पहिल्यांदा पुकारलं, थांबली. हवेत नुसती फसफस. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. तिचा आवाज शेवटपर्यंत हलला नाही, सरांचीच पोरगी. मग तिनं विचारलं, “ऐकणारे कोणी?”

माइक माझ्या हातात होता. अंगठा बटणावर होता. मी दाबलं नाही. परवाना घ्या, मग हजेरी लावा. त्यांची तेवढी एक गोष्ट मी त्या दिवशी ऐकली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. झडीचा, घशाचा आणि त्याचा काही संबंध नाही. मले म्हाईत आहे. तरी.

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी वर्ध्याला गेलो. किसनभाऊ माझ्या बाजूला बसला होता. संघमित्रानं बाबांच्या रोजच्या नोंदीच्या वह्या बाहेर आणल्या आणि मला म्हणाली, “काका, ह्या तुम्ही पाहा. बाबा मराठीतच लिहायचे.” प्रत्येक पान म्हणजे एक सकाळ. एकाखाली एक नावं, पुढे हजर किंवा गैरहजर. प्रत्येक पानाच्या शेवटी एक ओळ होती. मिस्त्री — हजर. मिस्त्री — हजर. वर्षानुवर्षं. ज्याला परवाना नाही, त्याचं नाव सरकारी नियमानं चालणाऱ्या माणसाच्या वहीत.

मग आषाढातलं ते पान आलं. सरांचं अक्षर नेहमीसारखं सरळ. ‘मिस्त्रींना नियम सांगितला. मराठीतून शिकवायला दर रविवारी हिंगणीला येईन असं सांगितलं. अक्षरओळखीपासून करू म्हटलं. ओव्हर म्हणून थांबलो. उत्तर नाही. फोनही नाही.’

मी किसनभाऊला ती ओळ दाखवली. तो म्हणाला, “अरे, आमी सगळ्यानं ऐकलं न. सर म्हणे, मिस्त्रीले शिकवणं हा माहा मान आहे. तुमी नाई ऐकलं? आमाले वाटलं, तुमी ताठून बसले.”

ताठून बसलोच होतो. पण ओव्हरच्या आधी खटका पाडला होता. जो शब्द माझी बायको चुकत नाही, तो मी चुकलो. इंग्रजी अक्षरओळख मला नाही, हे सरांना कधी कळलं, कोण जाणे. शिक्षक माणूस. त्यांनी ते वर्षानुवर्षं कोणाला कळू दिलं नाही. आणि सांगायला निघाले तर मी ऐकलंच नाही.

त्या पानानंतर सर मरेपर्यंतच्या प्रत्येक पानाच्या शेवटी एकच ओळ. मिस्त्री — ऐकत असतील. झडीच्या दिवसांतही, मी ओसरीत उभा होतो त्या दिवशीही. आणि नंतरचे कितीतरी महिने, जेव्हा पिन बरणीत होती. सर खोटी नोंद करणारा माणूस नव्हता. त्यांच्या वहीत तेवढ्याच ओळी खोट्या निघाल्या, आणि त्या मी खोट्या पाडल्या.

संघमित्रा रविवारी येऊ लागली. बापानं कबूल केलेला रविवार. अनुसयेसमोर मी पाटी धरली. मी दिवसभर चार्ली, डेल्टा, एको असं पुटपुटत फिरायचो, तर ती म्हणे, “ह्या चार्ल्याले एकदा जेवाले तं बलवा.” पहिल्यांदा नागपूरला जाऊन नापास झालो. गावात काही लपत नाही, लोक हसले. दुसऱ्यांदा पास झालो. परवाना दिल्लीवरून आला त्या दिवशी मी तो कोणाला दाखवला नाही. ज्यांना दाखवायचा ते नव्हते.

इथवर काल लिहिलं होतं. आता सकाळचे आठ वाजले आहेत. झड सुरूच आहे.

हजेरी घेतली. आवाज सुरुवातीला घोगरा निघाला, मग लागला. वर्धा, सेलू, पुलगाव, सगळे आले. किसनभाऊ म्हणाला, “जामवरून किसन. आज मिस्त्री मास्तर आहेत, म्हणून चड्डीत न बसता पँट घालून बसलो. ओव्हर.” शेवटी मी विचारलं, “ऐकणारे कोणी?” आणि पाच मोजायला लागलो. तीनवर होतो.

टक, टक.

मी ओळखलं नाही, आणि आवाजाशिवाय ओळखणार कसं? सिग्नल बारका होता. एरियल कुठंतरी चुकीच्या उंचीवर होतं, जोडात पाणी होतं. झडीत कुठल्यातरी गावात कोणीतरी एकटं सेट लावून बसलेलं होतं.  मी काय म्हणतो, याची बाकीचे सगळे वाट पाहत होते.

नियम मला सांगायचाच होता. तो सरांचा होता, आता माझाही आहे. पण मी क्रम बदलला. आधी म्हटलं, “ज्यानं बटण दाबलं, त्याले सांगतो. मी हिंगणीचा मिस्त्री. चौथी शिकलो. दर रविवारी दुकानात असतो. येजो, अक्षरापासून शिकवतो. एरियलबी पाहून देतो.” मग म्हटलं, “परवाना घ्या, मग हजेरी लावा. ओव्हर.”

बटण सोडलं. पुन्हा पाच मोजले. फसफस, आणि टिनावरचा पाऊस, जो मला आज पाचसहा दिवसांत पहिल्यांदा ऐकू आला. पलीकडून काही आलं नाही. यायलाही नको होतं. ओव्हरपर्यंत तो थांबला की आधीच खटका पाडला, हे कळायला मार्ग नाही.

वही उघडली. नावं लिहिली, हजर, हजर, गैरहजर. शेवटची ओळ राहिली. नाव माहीत नव्हतं, म्हणून नावाची जागा कोरी सोडली, आणि पुढे लिहिलं.

ऐकत असतील.